शुभहस्ते

वामनरावांनी मयुरीचं मनगट पकडलं तेव्हा दीपिका मॅडमचं बोलणं अजून संपलंही नव्हतं. ओलसर तळहात, आणि तोंडाला तंबाखू-सुपारीच्या खर्र्याचा भपका.

सावली तालुक्यातल्या त्या गावात, समाजमंदिरात, बायामुलींना विंग चुनची ओळख करून देणं चाललं होतं. अंगाने लहान माणसाला थोराडाच्या तावडीतून सुटता यावं, यासाठीच ही चिनी विद्या आहे, असं चंद्रपूरहून आलेल्या मॅडम सांगत होत्या. जोराशी जोर लावायचा नाही. कोपर अंगाजवळ ठेवायचं. वार सरळ, समोरच्याच्या छातीच्या मधोमध. मयुरीला हे शिकायचंच होतं. कॉलेजसाठी तिला रोज एकटीने एसटीने नागभीडला जायचं होतं आणि आईची अट होती, स्वतःला सांभाळता आलं तरच जा.

पण आपल्याकडे कुठलीही गोष्ट कोणाच्या तरी शुभहस्ते झाल्याशिवाय सुरू होत नाही. वामनराव म्हणजे गावातले सगळ्यात मोठे धानवाले. नारळ त्यांनी फोडला, हारही त्यांनीच घातला. मॅडमनी मयुरीला पुढे बोलावलं आणि म्हणाल्या, "पकडून दाखवायला एक पुरुष हवा." सरपंच गोपालने लगेच हात जोडले.

"पह्यला मान भाऊचा!"

चोराच्याच हाती किल्ल्या! वामनराव लाजल्यासारखं करत उठले आणि बायांनी टाळ्या वाजवल्या.

मयुरीला त्या टाळ्यांचीच जास्त किळस आली. भाताच्या रोवणीत याच बाया वामनरावांच्या बांधीत, चिखलात वाकलेल्या असत. "घसरशीन वो!" म्हणत हा माणूस शेताच्या धुऱ्यावरून येई आणि दिसेल तिच्या कमरेला हात देई. बाया तोंडावर हसत, घरी येऊन शिव्या घालत आणि सकाळी पुन्हा त्याच बांधीत उतरत. पुढच्या रांगेत तिची आईही बसली होती, चंदा, डोक्यावर पदर घेऊन. आल्या आल्या तिने मयुरीला वामनरावांच्या पाया पडायला लावलं होतं. वर म्हणाली, "मोठे आहेत ते. पड."

"असं नाई, मॅडम," वामनराव म्हणाले. "खरा बदमाश मनगट धरून थोडीच थांबते? मांगून हात टाकते."

मनगट न सोडताच त्यांचा दुसरा हात मयुरीच्या पाठीवर आला आणि सावकाश खाली सरकू लागला. अंगावर पाल पडावी तशी ती शहारली. तिने आईकडे पाहिलं. आई सतरंजीकडे बघत होती. थू, मयुरीला वाटलं, ही कसली आई!

मग तिने मॅडमनी शिकवलं तेच केलं. झटापट केली नाही. मनगट त्यांच्या अंगठ्याच्या बाजूला वळवलं, कोपर पुढे काढलं आणि हात सुटताच तळवा सरळ छातीवर हाणला. वामनराव धपकन खाली बसले.

गोपाल त्यांना उठवायला धावला. एवढ्यात वामनरावच खो खो हसले. "शाब्बास पोरी! पाहा, मी पकडलं म्हणून शिकली!"

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. पुन्हा टाळ्या, पुन्हा हसणं. म्हणजे नुसता खेळच झाला! याला मारलं तरी मान याचाच. मयुरीला तिथे उभं राहवेना. ती चपला शोधत दाराकडे निघाली.

"थांब गे," आई म्हणाली.

चंदा उठली. डोक्यावरचा पदर तिने खाली ओढला, कमरेला घट्ट खोचला आणि सगळ्यांच्या पुढे जाऊन उभी राहिली. वामनराव धोतर झटकत खुर्चीकडे वळले होते.

"मॅडम, आता मले शिकवा," ती म्हणाली. "पन पकडाले वामनभाऊच पायजे. मी नवी नवरी होती तवापासून त्यायचा हात मले ठाऊक आहे."