हातावरचा धातू

अंजनाच्या तळहातावर हरभऱ्याएवढा चंदेरी खडा होता. आधी त्याच्या कडा बोथटल्या. मग खालचा भाग ओलसर चमकला आणि खडा हळूच एका बाजूला कलला.

"वितळला!" इसरू पुढे वाकून म्हणाला. "विस्तव नाई, काई नाई!"

"हाताची ऊब पुरते त्याले. गॅलियम म्हणतात. उन्हाळ्यात आपल्या गोंडपिपरीत कुपीतच पातळ होऊन राहते."

अंजनाचे वडील देवाजी भिंतीला टेकून बसले होते, डावा पाय सतरंजीखाली घेऊन. त्या पायाला पट्टी होती; तिथे चटका बसला की काटा रुतला, त्यांना कळत नसे. त्यांना महारोग होता. दर महिन्याला ते सरकारी दवाखान्यातून गोळ्या आणत. हा रोग आता बरा होतो, असं डॉक्टर सांगत. लोक ऐकत नव्हते. अंजनाच्या लग्नाची याआधीची बोलणी या पायापाशीच मोडली होती. आपण महारोग्यांच्या आश्रमात राहायला गेलो तर पोरीचं जमेल, हे देवाजींनी दिवाळीपासून मनात धरलं होतं. जिभेवर मात्र येत नव्हतं.

इसरू नागभीडला रेल्वेत होता. आईला घेऊन मुलगी पाहायला आला आणि कपाटातली कुपी पाहून विज्ञानाच्या बाईंचा तासच ऐकत बसला.

"हे सापडलं कसं?" त्याने विचारलं.

अंजना खुलली. रशियातल्या एका शास्त्रज्ञाने मूलद्रव्यांचा तक्ता मांडला, तेव्हा एक घर रिकामं ठेवलं होतं. इथे बसणारा धातू जगात असणार, असं तो म्हणाला. पुढे फ्रान्समध्ये एकाला तो सापडला. त्याने घनता मोजली. रशियातून निरोप आला, माप चुकलंय, धातू नीट शुद्ध करून पुन्हा मोजा.

"आणि रशियावाल्यानं धातू पाह्यलाही नव्हता," ती म्हणाली. "पण त्याचंच बरोबर निघालं."

"म्हणजे ज्याच्या हातात, त्यालेच ठावं नाई!" इसरू हसला.

अंजना हसली नाही. "होते असं कधी."

"मले पाहू द्या." त्याने दुसरा खडा आपल्या तळहातावर घेतला. थोड्या वेळाने म्हणाला, "अरे, हे तं थंड लागते!"

अंजनाने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "वितळताना हातातली उष्णता ओढून घेते ते," पुस्तकातलं वाक्य म्हणावं तसं ती म्हणाली.

"झाली का शाळा?" इसरूची आई ठमाबाई म्हणाली. "चहा पाजते का हाच धातू पाजते, बाई?"

अंजनाने चहाचे स्टीलचे पेले आणून दिले. ठमाबाईने पेला घेतला आणि लगेच खाली ठेवून बोटांवर फुंकर घातली.

"पाह्य इसरू, पोरीले पदरही लागला नाई धरायले. मास्तरीण असून चुलीची सवय आहे!"

देवाजींना बरं वाटलं.

निघताना ठमाबाई त्यांच्याजवळ थांबली. "आमाले पोरगी पसंत आहे, देवाजीभाऊ. तुमचंही ठावं आहे आमाले. फक्त लग्नात चार लोक येतीन, तवा..." तिने सतरंजीकडे पाहिलं आणि वाक्य अर्धंच सोडलं.

पाहुण्यांची बस गेली. अंजना पाणी घेऊन आली, रोजच्यासारखा बापाचा पाय मांडीवर घेऊन पट्टी सोडू लागली.

"बाई, मी आश्रमात जातो," देवाजी म्हणाले. "चांगला पोरगा आहे. तुया वाटेत मी नाई पाह्यजे."

"तुम्ही कुठीही नाई जात."

"मंग तुयं कसं होईन?"

तिने जखम धुतली, कोरडी केली, नवी पट्टी बांधली. गाठ मारून झाली तरी पाय सोडला नाही.

"उद्या दवाखान्याचा दिवस आहे ना?"

"आहे. तू काऊन शाळा बुडवते? मी जाईन एकटा."

"त्यायले नाई म्हणून कळवू, बाबा. आणि उद्या मीही येते तुमच्यासंगं," अंजना म्हणाली. "मलेही गोळ्या सुरू करायच्या आहेत."