जुन्या टाकीतला स्पंज

माझ्या धाकट्या बहिणीच्या, खुशीच्या वाढदिवसाला आणलेल्या फिशटँकमधल्या पाच माशांपैकी दोन चौथ्याच दिवशी मेले. समोरच्या घरातले खोब्रागडे सर धावत आले आणि त्यांनी स्वतःच्या जुन्या टाकीतला फिल्टरचा तपकिरी, बुळबुळीत स्पंज काढून दिला.

"नव्या टाकीत माशांच्या घाणीनंच पाणी विषारी होते. याच्यातले जंतू ते विष खातात. फक्त धुऊ नोका."

ते गेल्यावर आईनं माझ्याकडे पाहिलं. मी मुकाट्यानं स्पंज नळाखाली धरला. बुद्धपौर्णिमेला त्यांच्याकडून खीर येते, तेव्हा आई वाटी दोनदा धुते, तसाच दोनदा धुतला.

तिसऱ्या दिवशी एकच मासा उरला, तोही वर येऊन धापा टाकत होता. खुशी सरांना बोलावून घेऊन आली.

"धुतला तर नाही ना?"

"नाही सर."

सर टाकीतल्या लख्ख निळ्या स्पंजकडे बघत राहिले. मग खुशीच्या डोक्यावर हात ठेवून हळूच म्हणाले,

 

"आजच कळंबले जा. तिथं देशमुखांकडे जुनी टाकी आहे. त्यांचा स्पंज तुम्हाले धुवावा नाही लागणार."