पुढच्या वल्ह्याची बडबड

"तुझ्या बायकोच्या जिभेला हाड नाही," अनास्ताझी मुलाला म्हणाली. "होडीत पुढं बसणाऱ्यानं वल्हं मारावं आणि तोंड मिटून बसावं. तुझ्या बापाच्या होडीत मी तीस वर्षं पुढं बसले. शिंक आली तरी गिळली."

बाझिल डोक्यावर उपडी होडी घेऊन उभा होता. एक तलाव संपला की दुसऱ्यापर्यंत होडी अशीच वाहून न्यायची. ही पहिली खांदवाट.

"नवीन आहे ती, आई. नॉर्थ बे शहरात वाढलेली."

"पण तलाव जुने आहेत ना? पाण्याखाली राहतात त्यांना कलकलाट खपत नाही. आपण अनिशिनाबे माणसं, एवढं तरी शिकव तिला."

निघतानाच बाझिलनं अट घातली होती. हिवाळी तळापर्यंत पाच तलाव, चार खांदवाटा. पुढची होडी आईनं चालवायची, सून जोझेट तिच्या पुढ्यात बसणार, सामानाची होडी घेऊन तो मागून येणार. एकदा जरी ती वाट चुकली, तर हा तिचा शेवटचा प्रवास. चौऱ्याहत्तरीच्या बाईनं गावात शेगडीपाशी बसावं.

"चुकले तर मला तिथंच पुरा," ती म्हणाली होती. चिमूटभर तंबाखू नैवेद्यासारखी पाण्यात सोडून तिनं होडीला दिशा देणारं मागचं वल्हं उचललं होतं.

दुसऱ्या तलावावर जोझेट पुन्हा सुरू झाली.

"आई गं! डाव्या हाताला खडक, पाण्यातून नुसतं नाक काढलंय बघा! आणि समोर दोन बेटं. उजवं बोडकं, डाव्यावर झाडंच झाडं. मधलं पाणी कसं लखलखतंय!"

"तुझा जन्म नव्हता तेव्हापासून ओळखते मी ती बेटं. हाण वल्हं."

होडी दोन बेटांच्या बरोबर मधून सुरीसारखी गेली. मागून बाझिलला मान डोलवावीच लागली.

खांदवाटांवर जोझेट कपाळपट्ट्यानं पाठीवर बोचकं वाहत पुढं चाले, काहीतरी गुणगुणत. तिच्यामागं अनास्ताझी. वाटेच्या तोंडाशी झाडावर कुऱ्हाडीची जुनी खाच असे. म्हातारी त्या खाचेवर तळवा ठेवी, राळ चाचपी, मगच पाऊल टाकी.

"माझ्या सासऱ्याच्या हातचा घाव आहे," ती म्हणे. "नमस्कार नको करायला?"

चौथी खांदवाट ओलांडून शेवटच्या तलावाच्या काठावर मुक्काम पडला. बाझिलनं तंबू ठोकला, जोझेटनं मासा आणि जाड रोटी भाजली. अनास्ताझी उठली आणि किटलीला अडखळली. चहा राखेत गेला.

"किटली वाटेत ठेवतात का, सूनबाई? आईनं काही शिकवलंय की नाही?"

"चुकलं, आई." जोझेटनं किटली उचलली. "यापुढं चुलीच्या उजव्या अंगाला ठेवीन. रोज तिथंच."

"ठेव. आणि रोटी कच्ची आहे."

बाझिल हसला. "आई, आज एकही वाट चुकली नाहीस. मानलं."

"तू मानून मी कोण होणार?"

सकाळी शेवटच्या तलावावर दाट धुकं होतं. बाझिल मागं तंबू गुंडाळत राहिला होता. लून पक्षी एकदाच ओरडला, आणि तो आवाज कुठूनतरी मोठा होऊन परत आला. मग धुकं वर सरकलं. पाण्यातून सरळ आभाळात गेलेला कडा उघडा पडला. त्यावर पूर्वजांनी गेरूनं काढलेली चित्रं उन्हात पेटल्यासारखी लाल झाली. सगळा कडा पाण्यातही उलटा उभा होता.

जोझेटचं वल्हं थांबलं. पात्यावरून थेंब पडत राहिले. पाच तलावांत पहिल्यांदाच ती गप्प झाली.

कड्याचा गारवा अनास्ताझीच्या तोंडावर आला. तिनंही वल्हं थांबवलं. होडी आपली आपण सरकत होती.

"काय गं? मिटलं एकदाचं तोंड?"

"शब्दच सुचेनात, आई."

म्हातारीनं मागं कान दिला. वळणामागून बाझिलच्या वल्ह्याचा आवाज अजून येत नव्हता.

"पुढं बसणाऱ्यानं तोंड मिटून बसावं, हे खरंच आहे," ती म्हणाली. "तू बडबडी आहेस, रोटी कच्ची भाजतेस. पण नवऱ्यापासूनसुद्धा गुपित राखलंस, तेव्हा पुढचं वल्हं तुझंच. आंधळीच्या होडीत गप्प बसायचं नसतं, पोरी. दोन वर्षं झाली, कडा पाहिला नाही मी. बोल."