अधांतरी पूल

साहेबांनी हात वर केला आणि अख्खा पूल हवेत थबकला.

चाळीस टनांचा लोखंडी पादचारी पूल. कारखान्यातून अख्खाच्या अख्खा आणलेला, भर रस्त्यात क्रेनच्या हुकाला लटकत होता. खालचा ट्रेलर नुकताच निघून गेला होता. रस्ता फक्त रविवारच्या सकाळपुरता बंद होता. आणि ही उचल तिची होती. प्रकल्पप्रमुख म्हणून पहिलीच.

नियम साहेबांनीच घालून दिलेला. उचल चालू असताना ज्याला शंका येईल त्याने हात वर करायचा, मग तो इंजिनिअर असो की झाडूवाला. हात दिसला की काम थांबतं. त्याने कारण सांगायचं आणि प्रमुखाने निर्णय द्यायचा. आजवर हात इतरांचे वर व्हायचे, निर्णय साहेब द्यायचे. आज सगळंच उलटं झालं. साहेब आज नुसते बघायला आले होते. निदान तसं म्हणाले तरी होते!

ती मनातल्या मनात चरफडली. नकाशा कसा वाचायचा इथपासून सगळं साहेबांनी शिकवलं, हे ती कुणापुढेही कबूल करायची. पण म्हाताऱ्याचा पाय काही इथून निघत नव्हता. निवृत्तीची तारीख दोनदा पुढे गेली होती. खुर्ची तिला दिली आणि स्वतः शेजारी स्टूल टाकून बसले, अशी थट्टा ऑफिसात चालायची. तीही सगळ्यांबरोबर हसायची आणि घरी जाऊन रडायची. इतकी वर्षं घासूनही साहेबांचा आपल्यावर भरवसा नाही, हे तिला फार लागायचं.

"हूक मध्यावर नाहीये!" साहेब कडाडले. "डावीकडे सरकलाय. पूल कलंडेल. खाली घ्या!"

क्रेनवाल्याने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. साहेबांचा आवाज ऐकला की त्याचे हात आपोआप चालायचे. त्याने दांडा ओढला आणि पूल हळूहळू खाली यायला लागला.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. पुलाच्या डाव्या टोकाला, पोटाखाली, जिन्याच्या वरच्या पायऱ्या लोंबत होत्या. गेल्याच आठवड्यात तिने त्या कारखान्यात जोडून घेतल्या होत्या. साहेब तेव्हा लेकीच्या बाळंतपणासाठी रजेवर होते आणि आज सकाळच्या बैठकीलाही ते वेळेवर पोचले नव्हते. ट्रेलरवर होत्या तेव्हा त्या पायऱ्या मागच्या टोकाबाहेर मोकळ्या लोंबत होत्या. आता खाली सपाट रस्ता होता. पूल तसाच टेकला असता, तर सगळा भार त्या पायऱ्यांवर आला असता आणि त्यांचा पार चुराडा झाला असता.

"थांब!"

आपला आवाज एवढा मोठा आहे हे तिलाच ठाऊक नव्हतं. क्रेनवाला दचकला. त्याने दांडा सोडला आणि पूल जागच्या जागी थांबला.

"खाली घ्यायचा नाही. आज हुकूम इथून सुटेल. माझ्याकडे बघ."

साहेबांचा शब्द कुणी मोडलेला कामगारांच्या त्या टोळीने कधी पाहिलाच नव्हता. पण साहेबांची शंका तिने झटकून टाकली नाही. ती फोरमनकडे वळली. "दुर्बिणीतून बघा. दोन्ही टोकं एका पातळीत आहेत का?"

फोरमनने दुर्बिणीला डोळा लावला. पुन्हा एकदा लावला. "एका पातळीत आहेत, मॅडम. केसाचाही फरक नाही."

मग ती साहेबांच्या समोर जाऊन उभी राहिली.

"साहेब, डाव्या टोकाला जिन्याच्या पायऱ्या जोडल्यात. वजन तिकडे जास्त, म्हणून हूकही तिकडे. मी स्वतः मोजलंय आणि दोघांकडून तपासून घेतलंय. तुमची शंका ऐकली. आता हात खाली घ्या."

साहेबांनी पुलाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. एवढा वेळ हात वरच होता, तो त्यांनी खाली घेतला.

"वर!" ती क्रेनवाल्याला म्हणाली.

पूल वर गेला. दोन्ही खांबांवर अलगद टेकला. बोल्ट भोकांत असे सरकले की हातोडीला काम उरलं नाही. टोळीने एकच गलका केला. कुणी शिट्ट्या मारल्या, कुणी हेल्मेट उडवलं. क्रेनवाला खाली उतरून तिच्यासमोर कान धरून उभा राहिला, तेव्हा तर हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. तिला वाटलं, आत्ता आपण या पुलावरून नाचत जावं.

पण साहेब कुठे दिसेनात. ते अडथळ्यांच्या पलीकडे, सगळ्यांकडे पाठ करून उभे होते. झालं! दुखावले. तिच्या आनंदावर विरजण पडलं. ती धावतच गेली.

"साहेब, चारचौघांत असं बोलायला नको होतं. माफ करा."

साहेब वळले. फोन कानाला होता. त्यावर हात ठेवून ते म्हणाले, "माफी कसली मागतेस? शंका मला खरंच आली होती, आणि चूकही माझीच. अगं, जिला मला नाही म्हणता येत नाही, ती उद्या मंत्र्याला काय नाही म्हणणार? याच काळजीने मी दोनदा मुदतवाढ मागून घेतली."

आणि मग फोनवर, अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ते बायकोला म्हणाले, "हॅलो, ऐकतेस ना? सामान बांधायला घे, सुटलो आपण! आज पोरीने मला सगळ्यांदेखत गप्प केलं!"