मुंग्या यायच्या तिथवर

सुनेने रिमोट तोंडाशी धरून सिनेमाचं नाव उच्चारलं आणि तो लगेच टीव्हीवर आला. जगन्नाथराव बघतच राहिले. याच सिनेमासाठी ते शालनला डबलसीट घेऊन व्हिडिओ लायब्ररीत जायचे. कॅसेट एकच, त्यामुळे महिनाभर नंबर लागायचा नाही.

“एवढ्यात सापडला?”

“पूर्ण आहे, बाबा. आईंचा आवडता ना?”

त्या कॅसेटची फीत शेवटाकडे खराब होती. नवरा-बायको होडीत बसून निघायचे आणि पडद्यावर मुंग्या यायच्या. मग पुढचं शालन सांगायची: दोघं सुखरूप घरी पोचतात आणि तो तिच्यासाठी चहा ठेवतो. दर वेळी हेच सांगायची. ती जाऊन चार महिने झाले होते. खरा शेवट एकदा बघून घ्यावा, असं त्यांच्या मनात होतं.

होडी निघाली. आज मुंग्या आल्या नाहीत. नदीवर वारा सुटला, आभाळ काळं झालं.

“बंद कर गं.”

“अहो बाबा, अजून वीस मिनिटं आहेत.”

“आमचा इथंच संपतो,” जगन्नाथराव म्हणाले आणि चहा ठेवायला आत गेले.