मानेला टोचणारा टॅग

लेकीनं नवा स्वेटर माझ्या अंगात चढवला, खिडकीपाशी बसवलं आणि म्हणाली, "आई, हस ना जरा." इतक्या वर्षांत पोरीनं माझ्यासाठी पहिल्यांदाच काही आणलं होतं, हसायला सांगावं कशाला लागतंय? फोटो तिच्या फॅशनच्या ब्लॉगवर झळकले: 'आईला माझी छोटीशी भेट.' आत दडवलेला टॅग मानेला टोचत होता, म्हणून मी शिवणाच्या डब्यातली कात्री काढली. तशी ती किंचाळलीच, "कापू नकोस! उद्या दुकानात परत द्यायचाय. सगळ्या ब्लॉगवाल्या असंच करतात गं." मी बाह्यांतून हात बाहेर काढले. तिनं दुकानातल्याच घड्यांवर घडी घालून स्वेटर पिशवीत भरला आणि गेली. मी कोपरावर विरलेला माझा जुना घालतेय, तोच नणंदेचा फोन. "वहिनी, फोटो पाहिला! लेकीनं पांग फेडले तुमचे." "हो वन्सं," मी म्हटलं, "अंगातून काढवतच नाही बघा."