पाण्यावरचं घर

गादी आत जाईना. सून केबिनमधून ओढत होती, सासू वर डेकवर उभी राहून ढकलत होती, आणि मधल्या दारात ती गादी रुसलेल्या जावयासारखी अडून बसली होती.

"अगं, दुमडून घे!"

"दुमडलीच आहे, आई. फुगतेय ती."

"एवढी जाड नको, हे मी आधीच सांगितलं होतं. पण ऐकतंय कोण?"

शेवटी सासू त्या गादीवरच बसली. गादी, सासू आणि सून, तिघीही एकदमच खाली आल्या. शेजारच्या बोटीचा तळ रंगवणारा रंगारी पोट धरून हसला.

शिडाची ती जुनी बोट दुरुस्तीच्या आवारात लाकडी टेकूंवर चढवलेली होती. तिच्यावर कायमचं राहायला जायचं, असं घरात ठरलं होतं. सुनेने सुट्टीचा एकही दिवस वाया घालवला नव्हता. तळाचा जुना रंग खरवडला, फटी बुजवल्या. गॅसचा सिलिंडर बाहेरच्या कप्प्यात नेला. गळती झालीच तर गॅस आत साठायला नको. गादीखाली ओल धरते म्हणून सलग फळी काढून पट्ट्या ठोकल्या. तिला स्वतःला पाण्याची भयंकर धास्ती होती. प्रत्येक स्क्रू पिळताना तिच्या डोळ्यांसमोर वादळ यायचं आणि ती आणखी एक वेढा द्यायची.

सासूचं अर्धं आयुष्य फेरीबोटीच्या तिकीटखिडकीत गेलं होतं. तिच्या नजरेतून काही सुटत नसे.

"हा कप्पा नुसता लोटलाय. बोट कलली की डबे डोक्यात. कडी लाव."

"लावते."

"आणि सहा कप कशाला? हॉटेल टाकायचंय का? दोन पुरेत." चार कप तिने पिशवीत परत भरलेसुद्धा.

सून दात-ओठ खायची आणि कडी लावायची. कारण सासूने काढलेली खोट दर वेळी खरीच निघायची.

नवरा मात्र सुरुवातीला बोटीचं नाव काढलं की ताटावरून उठायचा. सुनेनेच त्याला कलाकलाने वळवलं. मग सुट्टीच्या दिवशी भाड्याच्या बोटीवर शीड हाताळायला शिकणं सुरू झालं. "घरी बसून माशा मारू का?" म्हणत सासू सगळ्यांत आधी तयार असायची. नवरा दोरांत पाय गुंतवून पडायचा, सून कठड्याला धरून ओकायची, आणि सुकाणू धरायला उरलेली एकटी सासू असायची.

एक दिवस नवऱ्याची आत्या आवारात येऊन थडकली. सासू रंग आणायला गेली होती.

"या वयात वहिनीला एकटं पाडताय? तुमचं मन धजतं तरी कसं?"

"आत्याबाई, त्यांच्याशी बोलूनच ठरलंय."

"बोलून! तूच फूस लावली असणार. आमचा पोरगा म्हणजे गरीब गाय. तुला सासू डोळ्यांसमोर नको, दुसरं काय!"

सून जोरजोरात पॉलिश पेपर घासत राहिली. तेवढ्यात मागून सासूचा आवाज आला.

"वन्सं, आलाच आहात तर ब्रश धरा. तळाचा दुसरा हात बाकी आहे."

आत्याबाईंना एकदम काहीतरी काम आठवलं.

त्या गेल्यावर सासू सुनेशेजारी उकिडवी बसली. "मनाला लावून घेऊ नकोस. तिची जीभ तशीच आहे."

"पण आई, एकटं राहणं... खरंच जमेल ना तुम्हाला?"

"न जमायला काय झालं? माझी काळजी सोड आणि तो बोल्ट आवळ. ढिला दिसतोय."

बोट पाण्यात उतरली तेव्हा नवरा टॉर्च घेऊन तळाशी पालथा पडून राहिला. कुठून थेंब येतोय का, ते बघत होता. तळ कोरडा राहिला. तो उठला, कपडे झटकले, पण बाहेर येईना.

"तुला खरंच वाटतं, हे बरोबर आहे?" त्याने विचारलं.

"हो. आणि नाहीच जमलं, तर परतायला घर आहेच की."

"आईची काळजी वाटते गं."

"तुझ्याइतकीच मलाही काळजी आहे त्यांची." मग दोघंही पाण्याच्या टाकीचं झाकण पुसत राहिले. ते आधीच लख्ख होतं.

निघायच्या सकाळी वारा अगदी हवा तेवढाच होता. रंगारी आला, आत्याबाईही पदराने डोळे टिपत आल्या. सासू पहाटेपासून सगळ्यांना हुकूम सोडत होती. रडू आवरायची तिची तीच तऱ्हा होती. शेवटी तिने सुनेला जवळ ओढलं.

"रडतेस काय वेड्यासारखी? फोन आहे ना!"

"रोज करायचा, आई."

"रोज कशाला? कामंधामं नाहीत का?" असं म्हणताना तिचीच हनुवटी थरथरली. मुलाच्या केसांतून तिने हात फिरवला, तसा तो चारचौघांत लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला.

मग त्याने खाली वाकून दोर सोडला.

शीड फुगलं. बोट आणि धक्का यांच्यातली पाण्याची पट्टी आधी हातभर झाली, मग रस्त्याएवढी, मग मैदानाएवढी. सून हात हलवत राहिली. नवऱ्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"चल," तो म्हणाला, "घरी जाऊ."

सुकाणूवर बसलेल्या सासूने मागे वळून पाहिलं नाही. तिचं सगळं लक्ष शिडाकडे होतं.